केसपेपरवरची दारू

माझा थोरला भाऊ दारू पीत नव्हता. हे वाक्य आधी लिहून घेतो, कारण त्याच्या केसपेपरवर दुसरंच लिहिलंय.

फेब्रुवारी २०२४. सरकारी इस्पितळ. कुठलं ते सांगत नाही. दादाचं पोट फुगलेलं, पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे. तीन तास लाइनीत काढल्यावर टेबलापलीकडच्या शिकाऊ डॉक्टरने मान वर न करता पहिला प्रश्न टाकला, 'किती पितो?' दादा म्हणाला, 'पीत नाही, साहेब.' दुसरा प्रश्न, 'राहतो कुठं?' आम्ही वस्तीचं नाव सांगितलं. 'काम?' इस्पितळात सफाई, कंत्राटी. एवढं ऐकलं आणि त्याने कागदावर इंग्रजीत खरडलं. मी मॅट्रिक पास आहे, तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. लिहिलं होतं : दारूमुळे झालेला यकृताचा आजार.

पेशंट नाही म्हणाला. त्याचा पत्ता हो म्हणाला. डॉक्टरने पत्त्याचं ऐकलं.

अकरा आठवड्यांनी दादा गेला. चौतीस वर्षांचा होता. मागे वहिनी आणि दोन पोरं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपल्याच चळवळीतले एक ज्येष्ठ आले. दादाच्या फोटोला हार घातला आणि माइक हातात घेऊन पाऊण तास व्यसनमुक्तीवर बोलले. पाचवं शील समजावून सांगितलं. तरुणांनो सावध व्हा म्हणाले. दादा पंचशील रोज म्हणायचा आणि पाळायचाही. ती माणसं समोर बसून माना डोलवत होती. आई भिंतीला टेकून खाली बघत होती. मी उठून काही बोललो नाही. त्या दिवशी जे बोललो नाही ते आज लिहितोय.

दोस्तहो, आपल्या वस्तीतला कोणी पस्तिशी-चाळिशीत पोट फुगून मेला की निकाल आधीच लागलेला असतो. 'लिव्हर गेलं.' म्हणजे काय ते सांगायची गरजच नाही. पांढरपेशाचं लिव्हर गेलं तर त्याला आजार होतो. आपलं गेलं तर ते चारित्र्य असतं. आणि एकदा चारित्र्य म्हटलं की रक्त तपासायची गरज उरत नाही, बायकोपोरांना बोलवायची गरज उरत नाही, सरकारला जाब विचारायची तर नाहीच नाही. दारू हा शब्द सगळ्यांना सोयीचा आहे. डॉक्टरचा वेळ वाचतो, सरकारचा पैसा वाचतो, पुढाऱ्याला भाषण मिळतं.

दारूने लिव्हर सडतं हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. सडतं. माझ्या गँगमधले दोघे तसेच गेले. आणि मी ज्या विषाणूबद्दल लिहितोय तो अंगात असताना प्यायली तर आगीत रॉकेल. पण आग कशाने लागली ते न बघता रॉकेलवरच पाऊण तास बोलायचं, आणि तेही ज्याच्या घरात रॉकेलच नव्हतं त्याच्यासमोर, हा कुठला धम्म?

दादाचं रक्त शेवटी एका डॉक्टरीणबाईने तपासायला पाठवलं. तिने केसपेपर वाचला, दादाला विचारलं, आणि दादाचं ऐकलं. एवढंच वेगळं केलं तिने. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : हेपेटायटिस बी पॉझिटिव्ह. सोनोग्राफीत लिव्हर आकसून खडबडीत झालेलं, त्याला सिरॉसिस म्हणतात. आणि उजव्या बाजूला नऊ सेंटिमीटरची गाठ. मग सीटी स्कॅन. कॅन्सर. दुसरीकडून पसरत आलेला नाही, लिव्हरमध्येच उगवलेला. म्हणून त्याला प्रायमरी म्हणतात. माझ्या डोक्यात प्रायमरी म्हणजे शाळा. त्या दिवसापासून तो शब्द मला नीट ऐकवत नाही.

बाईने मला जिन्यात उभं राहून समजावलं. मी मला कळलं तसं सांगतो. हा विषाणू रक्तातून लिव्हरमध्ये जाऊन बसतो. तो स्वतः लिव्हर मारत नाही. आपलंच शरीर त्याला हुसकायला बघतं आणि त्या मारामारीत लिव्हरच्या पेशी मरतात. मेल्या जागी वण येतो. पुन्हा मारामारी, पुन्हा वण. हुक धरून धरून आपल्या तळव्याला घट्टे पडतात ना, तसं आख्खं लिव्हर घट्ट्याचं होतं. वीस वर्षं, तीस वर्षं. रक्ताला वाट मिळत नाही, पोटात पाणी साचतं. मरणाऱ्या पेशींच्या जागी नव्या घाईघाईने तयार होत राहतात, आणि या घाईत कधीतरी एक पेशी चुकीची निघते. सी नावाच्या विषाणूचा कॅन्सर बहुधा या सिरॉसिसच्या वाटेनेच येतो. बी त्याहून बेरकी. तो पेशीच्या मूळ दस्तऐवजातच स्वतःची ओळ घुसडतो. सातबाऱ्यावर नाव चढवतो म्हणा. सात पिढ्यांत आपल्याला जे जमलं नाही ते त्याला जमतं. म्हणून बीमध्ये कधी कधी सिरॉसिस नसतानाही कॅन्सर उगवतो.

आणि हे सगळं होताना दुखत नाही. लिव्हरच्या आत दुखण्याची सोयच नाही. वरच्या आवरणाला ताण बसला की मग कळतं. दादा दोन वर्षं म्हणत होता, उजवीकडे जड वाटतं. नाक्यावरच्या डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा चुलत्याने कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने हातावर चुना चोळला, पाणी पिवळं झालं, गळ्यात मुळ्यांची माळ घातली. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात ती माळ सव्वा महिना होती. मी बघत होतो. मीही काढली नाही.

एक गंमत सांगतो, मग पुढे जाऊ. मटणवाल्याकडे काळीज मागितलं की तो लिव्हर देतो. आपल्या लोकांना हे जन्मापासून माहीत आहे. कवींनीच ते उचलून छातीत डावीकडे नेऊन ठेवलं. मीही चार वर्षं काळजाच्या कविता लिहिल्या, त्या सगळ्या चुकीच्या जागेवर.

आता गुन्ह्याकडे वळतो. गुन्हा कुठला, तारखा बघा.

हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९६५ च्या सुमाराला, बारुक ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला, ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात. शोधाला त्यांनी नाव दिलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. रक्त आदिवासीचं, नाव खंडाचं, १९७६ चं नोबेल ब्लुमबर्गला. असो. माणूस भला होता म्हणतात, लस बनवण्याची वाटही त्यानेच दाखवली.

१९८१ साली पामर बीसली या डॉक्टरने तैवानमधला हिशेब छापला. २२,७०७ सरकारी नोकर पुरुष त्याने वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवले होते. ज्यांच्या रक्तात हा विषाणू मुक्कामाला होता त्यांना लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. दोनशे तेवीस पट! त्याच वर्षी अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. तैवानने जुलै १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. आधी पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना, मग १९८६ पासून सगळ्या बाळांना. पुढे त्यांनी मोजून पाहिलं. सहा ते चौदा वयाच्या पोरांमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण लाखात ०.७० होतं, ते ०.३६ वर आलं. निम्मं. हे १९९७ साली छापून आलं. लशीने कॅन्सर थांबतो हे जगात पहिल्यांदा तिथे दिसलं.

१९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की १९९७ पर्यंत सगळ्या देशांनी ही लस बाळांच्या नेहमीच्या लशींमध्ये घ्यावी. १९९७ मध्येच हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने इथे बनवलेली लस बाजारात आणली आणि परदेशी लशीचे शेकड्यांतले भाव कोसळले. म्हणजे महाग आहे ही सबबही संपली. तरी या सरकारने काही जिल्ह्यांत आणि शहरांत चाचपणी सुरू केली २००२ मध्ये. आणि सगळ्या देशाला लस मिळायला उजाडलं २०११.

दादाचा जन्म १९८९ चा. ताईचा १९९५ चा. माझा १९९९ चा. दादा तैपेईत जन्मला असता तर पहिल्याच दिवशी मांडीत सुई घेऊन आज जिवंत असता. हे मी कवी म्हणून बोलत नाही, हिशेबाने बोलतोय. १९८४ ते २०११, सत्तावीस वर्षं. या सत्तावीस वर्षांत पैसेवाल्यांची पोरं खाजगी दवाखान्यात लस घेत होती. आपल्याला पोलिओचे दोन थेंब मिळाले, बाकी नशीब.

जन्माच्या वेळेचं एवढं काय महत्त्व, असं मीही विचारलं. मला आधी वाटलं होतं, दादाला इस्पितळातल्या सुयांनीच मारलं. बारा वर्षं तो कचऱ्याच्या पिशव्या उचलत होता. तीनदा सुई टोचलेली मला माहीत आहे. ते लिहायला सोपं होतं, कविताही तयार होती. पण बाईने सांगितलं : मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर शंभरातले पंचाण्णवजण त्याला सहा महिन्यांत हुसकून लावतात. आईकडून जन्मताना बाळाला लागला तर शंभरातल्या नव्वदांत तो कायमचा राहतो, कारण बाळाच्या शरीराला शत्रू ओळखताच येत नाही. चौतिसाव्या वर्षी एवढा कॅन्सर म्हणजे मुक्काम जन्मापासूनचा असणार. आईला बोलवा. आईला बोलावलं. आई पॉझिटिव्ह.

आईने रिपोर्ट हातात घेतला आणि विचारलं, 'म्हणजे मी दिलं व्हय?' याचं उत्तर मला आलं नाही. आईला कोणाकडून, तिच्या आईकडून की कुठल्या तरी उकळलेल्या-न-उकळलेल्या काचेच्या सुईकडून, ते आता कोण सांगणार? पण लस असताना आईपासून दादापर्यंतचा रस्ता उघडा कोणी ठेवला ते तारखा सांगतात.

म्हणून सुयांची गोष्ट सोडायची असं नाही. पाच टक्के म्हणजे शून्य नव्हे. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू सात दिवस जिवंत राहतो. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या आणि बी-काविळीने माणसं पटापट मेली. आणि इस्पितळाच्या पिशवीत हात कोणाचा जातो? कुठल्या जातीचा? मुंबईतल्या कुठल्याही इस्पितळात सकाळी सहा वाजता मागच्या दाराशी उभे राहा, आडनावं विचारा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस टोचणं ही इस्पितळाची जबाबदारी. दादाला बारा वर्षांत ना लस ना साधी रक्ततपासणी. कंत्राटदार म्हणायचा इस्पितळ देईल, इस्पितळ म्हणायचं तो आमचा माणूस नाही. ती तपासणी २०१६ मध्ये झाली असती तर विषाणू तेव्हाच सापडला असता. गाठ तेव्हा नसणार.

याच रांगेत अजून एक गोष्ट आहे, ती धान्याची. माझा आजा गोदीत होता, अमेरिकेचा गहू आणि मिलो उतरवायचा. सांडलेलं धान्य झाडून घरी आणायची तेव्हा पद्धत. पावसात भिजलेलं, बुरशी धरलेलं, धुऊन वाळवून दळायचं. या बुरशीत एक विष असतं, अफ्लाटॉक्सिन. भुईमूग आणि मक्यात जास्त. बी विषाणू असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. हे विष सापडलं कसं? १९६० साली इंग्लंडात एक लाख टर्की कोंबडे मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर ते पोसले होते. मालकांचं नुकसान झालं, शास्त्रज्ञ धावले, विष सापडलं. आणि १९७४ साली, विष माहीत असताना, गुजरातेतलं पंचमहाल आणि राजस्थानातलं बांसवाडा इथल्या भिल्लांच्या गावांत बुरशीचा मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली, त्यातली १०६ मेली. त्यांच्याकडे खायला दुसरं काही नव्हतं. टर्की कोंबड्यांची बातमी जगभर झाली. या एकशे सहांची नावं तुम्ही कधी ऐकलीत?

आता औषधाचं. दादासाठी मी औषधांची चौकशी केली तेव्हा एक गोष्ट कळली, ती आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे. लिव्हरच्या कॅन्सरवर सोराफेनिब नावाची गोळी आहे. बायर कंपनी ती भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना विकायची. मार्च २०१२ मध्ये पेटंट कंट्रोलरने, इथे मुंबईतच, नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ती बनवायचा सक्तीचा परवाना दिला. देशातला पहिलाच. भाव ठरला महिन्याला नऊ हजारांच्या आत. बायर हायकोर्टात गेली, हरली. डिसेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हाकललं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, बायरचा प्रमुख बोलून गेला की हे औषध आम्ही भारतीयांसाठी नाही, पैसे मोजू शकणाऱ्या पाश्चात्यांसाठी बनवलं. भडव्याने निदान खरं सांगितलं. इथले लोक तेही सांगत नाहीत.

मी हे सगळं वाचून नाचत बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गोळी आहे, परवडेल पण. पण तुझ्या भावाचं लिव्हर ती झेपवण्याच्या पलीकडे गेलंय. कापून काढायची तर उरलेलं लिव्हर पुरणार नाही. दुसरं लिव्हर बसवायचं तर एकच गाठ असेल तरी ती पाच सेंटिमीटरच्या आत पाहिजे, असा नियम जगभर मानतात. ही नऊची, आणि शिरेत शिरलेली. आणि ही गोळी चालते त्यांनाही ती काही महिनेच देते. परदेशातल्या मोठ्या चाचणीत गोळी न घेणारे मधोमध ७.९ महिने जगले, घेणारे १०.७. मी त्या लढाईला कमी लेखत नाही. एकदाही पेटंट मोडलं गेलं ते चांगलंच झालं. पण ती शेवटच्या खाटेवरची लढाई आहे. पहिल्या खाटेवर, बाळंतिणीच्या, काही रुपयांच्या सुईसाठी आपण कधी मोर्चा काढला? आठवून सांगा.

इथपर्यंत मी सगळ्यांना शिव्या दिल्या. आता माझं.

एप्रिल २०२२. चौदा एप्रिलचं आपलं रक्तदान शिबिर. मी दरवर्षी देतो. दोन आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन आला. तुमच्या रक्तात एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय, पुन्हा रक्त देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. फोन ठेवला. मी कोणालाही सांगितलं नाही. एक तर कळलं नाही. दुसरं, जेवढं कळलं त्याची लाज वाटली. एड्ससारखं काहीतरी, एवढंच डोक्यात. बाप गोदीत कायम होता, मी कंत्राटी. मुकादमाला कळलं तर हजेरी बंद. आखातात जायचा विचार होता तोही संपला, कारण तिथल्या मेडिकलमध्ये बी पॉझिटिव्ह निघाला की अनफिट. माझ्याबरोबरचे दोघे असेच परत आलेत. लग्नाची बोलणी चालू होती. मी गप्प राहिलो. दोन वर्षं.

त्याच दोन वर्षांत दादा म्हणत होता, उजवीकडे जड वाटतं.

तेव्हा मी घरात येऊन बोललो असतो की माझ्यात हे निघालंय, सगळ्यांचं रक्त तपासा, तर दादाचं सापडलं असतं. रोज एक गोळी, टेनोफोवीर, सरकारी केंद्रात फुकट. जुलै २०१८ पासून देशभर हा कार्यक्रम आहे, बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषध फुकट. मला माहीतच नव्हतं, आणि तुमच्यापैकी किती जणांना आहे? सीची तर गोळ्यांनी बारा आठवड्यांत शंभरातल्या पंचाण्णवांची सुटका होते. बी जात नाही, पण गोळीने दबून राहतो, कॅन्सरचा धोका कमी होतो. शून्य होत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर जाळता येते, कापता येते. नऊची झाल्यावर बाई जिन्यात उभी राहून समजावते. एवढाच फरक.

त्या रक्तपेढीने फोनवर तीन वाक्यं बोलून मोकळं व्हायला नको होतं, हे खरं. पण तीन वाक्यं ऐकूनही मी तोंड उघडलं नाही, हेही खरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ मध्ये या देशात २ कोटी ९८ लाख माणसं बीची आणि ५५ लाख सीची होती. त्यातल्या बहुतेकांना माहीत नाही. माहीत असलेले माझ्यासारखे. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला आपण बाटल्या भरभरून रक्त देतो, आकडे छापतो. त्या शिबिरांतून किती पोरांना असा फोन आला आणि किती गप्प बसली, याचा आकडा कुठल्या शाखेकडे आहे? पुढच्या शिबिराला रक्तपेढीशी आधी बोला. ज्याला फोन जाईल त्याच्याबरोबर केंद्रावर जायला आपला एक माणूस पाहिजे. कागदावर नको, बरोबर.

आणि कपाची गोष्ट. ती लिहिली नाही तर सगळं वाया. दादाचं निदान झाल्यावर वहिनीचे माहेरचे आले. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात दादाचा कप वेगळा झाला. ताट वेगळं. स्टीलचा एक पेला, तळाला लाल नेलपॉलिशची खूण. कोणी काही बोललं नाही, खूण नुसती उमटली. माझ्या आजाने गावात नारळाच्या करवंटीत चहा प्यायला होता. आणि आम्ही त्याचीच नातवंडं, मुंबईत, आपल्याच घरात, आपल्याच माणसाला खूण केलेला पेला. दादाने काही विचारलं नाही. तो स्वतःच धुऊन बाजूला ठेवायचा.

हा विषाणू जेवणातून लागत नाही. पाण्यातून नाही, एका कपातून नाही, मिठी मारून नाही, खोकून नाही. पाण्यातून येते ती ए आणि ई कावीळ, ती वेगळी. बी जातो रक्तातून, संभोगातून, आईकडून बाळाला. ब्लेड, वस्तरा, टूथब्रश वेगळा ठेवा, टॅटूची सुई बघून घ्या. घरातल्या बाकीच्यांनी रक्त तपासून लस घ्यावी, तीन डोस. बस. वेगळा पेला ठेवून विषाणू थांबत नाही. तो पेला आम्ही कशाच्या सवयीने ठेवला, त्याचा विचार ज्याने त्याने करावा.

दादाची दोन्ही पोरं निगेटिव्ह निघाली. वहिनीही. तिघांनी डोस घेतले. माझं लग्न मोडलं. मी सांगितलं म्हणून मोडलं. मी गोळी घेतो, रात्री जेवण झाल्यावर. सोनोग्राफीला सहा महिन्यांतून एक खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी जाते. हे छापून आल्यावर मुकादमाला कळेल का? तो वाचत नाही. त्याला वाचून दाखवणारे आहेत, तेव्हा बघू.

ताई पण पॉझिटिव्ह होती. दादा गेल्यावर कळलं. २०२५ मध्ये तिला दिवस गेले तेव्हा पहिल्याच तपासणीत आम्ही सांगून टाकलं. रक्तातला विषाणू मोजला, शेवटच्या महिन्यांत गोळी दिली. फाइलवर लाल शाईने लिहिलं की बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, दोन्ही. लस चोवीस तासांच्या आत पाहिजे, जेवढी लवकर तेवढी बरी.

ताई शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता बाळंत झाली. मुलगी. मी पाळीवरून थेट गेलो, अंगावर गोदीचेच कपडे. सिस्टरला फाइल दाखवली. ती म्हणाली, लशीवाल्या मॅडम सोमवारी येतील. मी म्हटलं, सोमवारी चोवीस तास होऊन जातात. ती म्हणाली, एका बाळासाठी वायल फोडता येत नाही, दहा डोसची असते, बाकीचे नऊ वाया जातात, मला वर जाब द्यावा लागतो. बाई वाईट नव्हती. बारा बाळंतिणींना दोघी होत्या. मी म्हटलं, वाया जात नाहीत. उघडलेली वायल नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते, सरकारचाच नियम आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. गोदीतला माणूस, हाताला गंज, आणि मला नियम सांगतो. म्हणाली, डॉक्टरांना विचारते.

विचारायला गेली ती तासाभराने आली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी दारात बसून राहिलो. वॉचमनने दोनदा उठवलं, दोनदा परत बसलो. आईने घरून डबा आणला, तो तिथेच उघडला. ताईने आत एक घास आणि मी बाहेर एक घास, एकाच डब्यातून. दहा वाजता डॉक्टर आले, फाइल बघितली, सिस्टरला म्हणाले, फ्रिज उघडा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वायल फोडली. आधी एका मांडीत, मग दुसऱ्या. पोरगी अख्ख्या वॉर्डाला जागं करून रडली.